पाच सेंटिमीटरचा सैनिक आणि ओठांवरचा ब्रश

रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. टेबलावर दिव्याच्या उजेडात एक सैनिक उभा असतो, उंची जेमतेम पाच सेंटिमीटर. त्याचा गणवेश रंगवून झाला आहे. पट्टा, बूट, बंदूकही झाली आहे. राहिले आहेत ते फक्त डोळे. रंगवणारा कोपरे टेबलावर टेकवतो, दोन्ही मनगटे एकमेकांना लावतो, श्वास सोडतो आणि क्षणभर तसाच थांबतो. ब्रश खाली येणार एवढ्यात त्याच्या लक्षात येते, की टोकाचे केस पसरले आहेत. मग तो जे करतो, ते विचार न करता करतो. ब्रश ओठांत धरतो, जिभेने टोक जुळवतो आणि पुन्हा पुतळ्याकडे वळतो.

या सगळ्याला एक सेकंदही लागत नाही. पण प्लास्टिकचे छोटे सैनिक जोडून रंगवण्याच्या छंदाबद्दल आरोग्याच्या बाजूने जे सांगायचे आहे, त्याचा गाभा या एका सवयीत आहे. छंद मनाला आणि हाताला चांगला आहे. फक्त रंग पुतळ्यावरच राहिला पाहिजे. तो तोंडात, नाकात आणि छातीत जाता कामा नये.

मिलिमीटरपेक्षा लहान डोळा

या पुतळ्यांचे एक प्रमाण ठरलेले असते. सर्वांत लोकप्रिय प्रमाणांपैकी एक म्हणजे १:३५. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस ३५ पट लहान केला, की तो पाच सेंटिमीटरचा होतो. माणसाच्या डोळ्याची फट साधारण तीन सेंटिमीटर रुंद असते. पुतळ्यावर ती एक मिलिमीटरही भरत नाही. १:७२ या प्रमाणात तर अख्खा सैनिकच अडीच सेंटिमीटरच्या आत बसतो.

खोक्यात प्लास्टिकची एक चौकट मिळते. तिला डोके, धड, हात, पाय, शिरस्त्राण, पाण्याची बाटली असे सुटे भाग चिकटलेले असतात. ते कापायचे, साच्याची उमटलेली रेघ घासून काढायची, भाग जोडायचे, अस्तराचा रंग द्यायचा आणि मग खरे रंगकाम सुरू करायचे. एवढ्या लहान पुतळ्यावर कपड्यांच्या घड्या इतक्या उथळ असतात, की खऱ्या उजेडात त्यांची सावली नीट पडत नाही. म्हणून रंगवणारा सावलीही रंगवतो आणि उजेडही. घडीच्या तळाशी गडद छटा, कडेला फिकी.

मराठी घराला हे काम अगदीच परके नाही. दिवाळीत मातीचा किल्ला झाला, की बुरुजावर मावळे उभे राहतात. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्ती तयार झाल्यावर डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच जाते. डोळा चुकला की सगळी मूर्ती चुकली, हे तिथल्या कारागिराला जसे ठाऊक असते, तसेच पाच सेंटिमीटरचा सैनिक रंगवणाऱ्यालाही.

शिशाकडून प्लास्टिककडे

हे सैनिक पूर्वी प्लास्टिकचे नव्हते. जर्मनीत कथलाचे चपटे पुतळे होत. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी आतून पोकळ सैनिक ओतण्याची पद्धत बाजारात आणली. धातू कमी लागल्याने सैनिक स्वस्त झाले आणि घराघरांत गेले. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशा सैनिकांच्या लुटुपुटुच्या लढाईचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिले. पण या सैनिकांच्या धातूत मुख्य वाटा शिशाचा होता आणि ज्यांच्या हाती ते जात होते, ती मुले होती.

शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला इजा करते आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर प्रौढांच्या चार-पाच पट अधिक शिसे शोषून घेते. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक स्वस्त झाले, ब्रिटनची एअरफिक्स, जपानची तामिया अशा कंपन्यांचे संच जगभर गेले आणि १९६० च्या दशकात शिशाचे खेळण्यातले सैनिक मागे पडले.

तरीही ते पूर्णपणे गेलेले नाहीत. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे, एखाद्या आजोबांच्या कपाटात ते अजून असतात. अशा सैनिकावर पांढुरकी भुकटी दिसली, तर ती झटकू नये आणि पॉलिश पेपरने घासू तर मुळीच नये. नुसता हात लावल्याने शिसे कातडीतून फारसे आत जात नाही. ते बोटांवरून तोंडात जाते किंवा धुळीतून श्वासात. काचेच्या कपाटात ठेवलेला जुना सैनिक निरुपद्रवी असतो. नातवाच्या हातातला नसतो.

घड्याळे रंगवणाऱ्या मुली

ब्रश ओठांत धरण्याची सवय किती महाग पडू शकते, हे वैद्यकशास्त्राने एकदा फार मोठी किंमत मोजून पाहिले आहे. पहिल्या महायुद्धात सैनिकांना अंधारातही दिसणारी घड्याळे हवी होती. १९१७ पासून अमेरिकेत न्यू जर्सीमधील ऑरेंज या गावी तरुण मुली घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारे आकडे रंगवू लागल्या. त्या रंगात रेडियम होते. आकडे बारीक, ब्रश त्याहून बारीक. टोक जुळवण्यासाठी ब्रश ओठांत धरा, असेच त्यांना शिकवले होते. रंग निरुपद्रवी आहे, असेही सांगितले होते.

रेडियम शरीरात गेले, की शरीर त्याला कॅल्शियम समजते आणि हाडात साठवते. तिथून ते आतल्या आत किरणे सोडत राहते. त्याचे अर्धे आयुष्य सुमारे १,६०० वर्षांचे आहे. काही वर्षांत या मुलींचे दात पडू लागले, जबड्याचे हाड कुजू लागले, रक्त कमी होऊ लागले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे दंतवैद्य थिओडोर ब्लम यांनी ‘रेडियम जॉ’ हे नाव वापरले. १९२५ मध्ये हॅरिसन मार्टलँड या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी रोगाचा रेडियमशी असलेला संबंध दाखवून दिला. ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघींनी १९२७ मध्ये कंपनीवर दावा लावला. १९२८ मध्ये तडजोड झाली, तोवर त्यांची प्रकृती हाताबाहेर गेली होती.

आजच्या रंगांच्या बाटल्यांत रेडियम नसते, तेव्हा घाबरायचे कारण नाही. धडा वेगळा आहे. त्या मुलींनी एका वेळी गिळलेला रंग डोळ्यांना दिसणारही नाही इतका थोडा होता. पण तो दिवसभर, रोज आणि वर्षानुवर्षे पोटात जात होता. विषाचा हिशेब एका वेळच्या मात्रेने होत नाही, बेरजेने होतो.

आज हे पुतळे बहुतेक करून पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांनी रंगवतात. ते जुन्या रंगांपेक्षा पुष्कळ सौम्य आहेत. बाटलीवर ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असले, तरी ते रंगवण्यासाठी वापरायच्या रंगाबद्दल असते, चाटायच्या नव्हे. चेहरा आणि घोडे रंगवायला अनेक जण चित्रकारांचे तैलरंग वापरतात. त्यातल्या काही लाल-पिवळ्या छटांत कॅडमियम असते, काही निळ्यांत कोबाल्ट, आणि जुन्या पद्धतीच्या ‘फ्लेक व्हाइट’ पांढऱ्यात शिसे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो भिंतीच्या डब्यासाठी आहे. चित्रकाराच्या नळीवरचे लेबल वेगळे वाचावे लागते.

उपाय अगदी साधा आहे. ब्रशचे टोक ओल्या स्पंजवर किंवा ओल्या कागदी रुमालावर फिरवत ओढले, की ते जिभेइतकेच छान जुळते. दुसरी खबरदारी चहाची. रंगाच्या पाण्याचा पेला आणि चहाचा कप शेजारी असले, तर ब्रश कधीतरी चहात बुडतोच. मग चहा टाकून द्यायचा की नाही, यावर मनात वाद होतो. टाकून द्यावा. आणि पुढच्या वेळी कप दुसऱ्या टेबलावर ठेवावा.

गोंद नव्हे, वितळवणारा

प्लास्टिकचे भाग ज्याने जोडतात, त्याला सवयीने गोंद म्हणतात. खरे तर तो चिकटवत नाही, वितळवतो. त्यातला द्रावक पॉलिस्टायरिनचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन्ही भागांचे लांबलांब रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रावक उडून गेला की जोड एकसंध होतो. म्हणूनच चांगला जोड मोडत नाही. पण द्रावक उडून जातो कुठे? खोलीत, आणि खोलीत नाक असते.

ॲसिटोन, ब्यूटाइल ॲसिटेट आणि काही जुन्या गोंदांत टोल्यूइन, असे हे द्रावक असतात. बंद खोलीत तासभर काम केले की डोके जड होते, डोळे चुरचुरतात, मळमळते. एसी लावून खिडकी बंद केली, की वाफ खोलीतच फिरत राहते. खिडकी उघडी आणि हवा बाहेर टाकणारा पंखा, हा पहिला उपाय. संत्र्याच्या वासाचे, लिमोनिन असलेले गोंद नाकाला बरे वाटतात; पण तेही द्रावकच आहेत आणि काहींच्या त्वचेला त्यांची ॲलर्जी होते.

इथे पालकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत मॉडेल जोडायचा गोंद मुद्दाम हुंगण्याचे व्यसन मुलांत पसरले. ते रोखण्यासाठी तिथल्या एका मोठ्या उत्पादकाने १९६९ मध्ये गोंदात मोहरीचा झणका असलेले तेल घालायला सुरुवात केली, म्हणजे कोणी खोल श्वास घेतलाच तर नाकातोंडातून पाणी यावे. आपल्या शहरांत थिनर आणि व्हाइटनर हुंगणारी मुले हा त्याच प्रश्नाचा इथला चेहरा आहे. टोल्यूइनमुळे मेंदूतील पांढऱ्या भागाची हानी होते. त्याहून भयंकर म्हणजे, हुंगल्यावर हृदयाचे ठोके अचानक बिघडून पहिल्याच प्रयत्नात मृत्यू येऊ शकतो. घरात गोंदाची बाटली फार लवकर संपत असेल, मुलाच्या कपड्यांना तो वास येत असेल, ओठांभोवती पुरळ दिसत असेल, तर रागावण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

धूळ, फवारा आणि एन-९५

अनेक पुतळे आता प्लास्टिकऐवजी रेझिनचे येतात, काही थ्रीडी प्रिंटरवर घरी छापले जातात. रेझिन घासले की पिठासारखी धूळ उडते. यातले चार मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात आणि तिथून लवकर निघत नाहीत. यावर रंगाऱ्यांची युक्ती उपयोगी आहे: वॉटर पेपर ओला करून घासावे. धूळ उडतच नाही, पाण्यात उतरते. टेबल झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. प्रिंटरचे न सुकलेले द्रव रेझिन उघड्या हाताने हाताळू नये. त्याची ॲलर्जी एकदा जडली, की बहुधा कायमची राहते. नायट्राइलचे हातमोजे घालावेत.

एअरब्रशने रंग फवारताना तयार होणारे तुषार असेच बारीक असतात. रंग पाण्यातला आहे म्हणून तो श्वासात घेण्याजोगा होत नाही; पाणी वाळले की रंगकण उरतातच.

कोविडनंतर एन-९५ मास्क घरोघरी आहे आणि तो लावला की सगळे भागले, असा समज आहे. तो धूळ आणि तुषार अडवतो, वाफ नाही. गोंदाची किंवा थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते. वाफेसाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. आणि कोणत्याही मास्कपेक्षा उघडी खिडकी स्वस्त. ज्याला दमा आहे, त्याने फवाऱ्याचे काम सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

पाते आणि चिकटलेली बोटे

या छंदातली रोजची जखम मात्र अगदी साधी असते. भाग कापायचे टोकदार पाते शस्त्रक्रियेच्या ११ नंबरच्या पात्यासारखेच असते, आणि धारही तशीच. डाव्या हाताच्या बोटांकडे पाते ओढले की ते कधीतरी घसरते. कापताना पाते नेहमी बोटांपासून दूर जावे. टेबलावरून सुटलेली सुरी झेलू नये. पाय मागे घ्यावा. बोट कापल्यावर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मध्येमध्ये उचलून पाहू नये. त्यानंतर बोट नीट वाकत नसेल किंवा टोकाला बधिरपणा असेल, तर शिर किंवा स्नायूबंध कापला गेला असण्याची शक्यता असते. त्या दिवशीच रुग्णालयात जावे. धनुर्वाताच्या लशीची मात्रा दहा वर्षांत घेतलेली नसेल, तर तीही घ्यावी.

धातूचे आणि रेझिनचे भाग सुपरग्लूने जोडतात, म्हणजे घरातल्या फेविक्विकच्या जातीच्या गोंदाने. या सायनोॲक्रिलेट गोंदाचा शोधही युद्धाशी जोडलेला आहे. १९४२ मध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना हॅरी कूव्हर यांच्या हाती तो लागला आणि प्रत्येक वस्तूला चिकटतो म्हणून बाजूला ठेवला गेला. बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. तो कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला, तर उष्णता निर्माण होऊन भाजू शकते. डोळ्यात गेला, तर पाण्याने धुवावे, पापण्या जबरदस्तीने उघडू नयेत आणि नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

डोळा आणि हात काय सांगतात

पन्नाशीनंतर हा छंद परत हाती घेणारे पुष्कळ असतात. लहानपणी राहून गेलेले खोके निवृत्तीनंतर उघडते आणि मग लक्षात येते, की हात लांब केल्याशिवाय काही दिसत नाही. विसाव्या वर्षी दहा सेंटिमीटरवरचे स्पष्ट दिसते. पन्नाशीत हेच अंतर चाळीस सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक होते. चाळिशीचा चष्मा, डोक्याला बांधायचे भिंग आणि बाजूने येणारा भरपूर उजेड, एवढ्यावर बहुतेकांचे काम होते. एकाग्र झालेला माणूस पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. मानेसाठी, पुतळ्याकडे वाकण्याऐवजी पुतळाच वर उचलावा.

हात थोडा थरथरतोच. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा सूक्ष्म हलत असतो. चहा-कॉफी, अपुरी झोप, उपास, घाई, दम्याचा पंप, वाढलेले थायरॉइड यांनी ही थरथर वाढते. म्हणूनच नेमबाजीच्या स्पर्धांत कंप कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधांवर बंदी आहे. पुतळे रंगवणाऱ्याला स्पर्धा जिंकायची नसते. त्याने कोपर टेकवावे, ब्रशचा हात पुतळ्याच्या हाताला टेकवावा, एवढे पुरते. मित्राच्या सांगण्यावरून गोळी घेऊ नये.

मात्र एवढे बारीक काम करणाऱ्याला शरीरातला बदल इतरांच्या आधी कळू शकतो, आणि हा या छंदाचा एक अनपेक्षित फायदा आहे. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो आणि ब्रश उचलला की थांबतो, असे होत असेल तर पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची, तपासणी हवी. उलट ब्रश उचलल्यावरच कंप येत असेल आणि महिनोन्महिने वाढत असेल, तर कारण वेगळे असते आणि त्यावरही उपचार आहेत. एक डोळा झाकून पाहिल्यावर बंदुकीची सरळ नळी वाकडी किंवा नागमोडी दिसली, तर पडद्याच्या मध्यभागाचा आजार असू शकतो. त्या आठवड्यातच डोळे दाखवावेत. निळ्या गणवेशाच्या छटा पूर्वीसारख्या वेगळ्या ओळखू येत नसतील, तर मोतीबिंदू असू शकतो. ‘आता वय झाले’ म्हणून खोके बंद करणारे अनेक जण यातले काहीतरी सहन करत असतात, आणि त्यातले बरेचसे बरे होण्यासारखे असते.

सैनिकांचे हात

छंदाची दुसरी बाजू मनाची. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या ब्रिटिश सैनिकांसाठी अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांनी १९१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश इथल्या लष्करी रुग्णालयात कार्यशाळा सुरू केल्या. सुतारकाम आणि इतर हस्तकामे करताना निकामी झालेले हात आणि खचलेली मने परत कामाला लागत. आजच्या व्यवसायोपचाराची मुळे जिथे जिथे आहेत, त्यातले हे एक ठिकाण. त्या काळी सैनिकांचे हात लाकूड घडवून बरे होत होते; आज कोणाचे तरी हात सैनिक घडवतात आणि स्वतः शांत होतात.

२०२३ मध्ये १६ देशांतील ६५ वर्षांवरील ९३ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना छंद होता, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी आढळली. छंदामुळेच ती कमी झाली, असे अशा अभ्यासावरून ठामपणे म्हणता येत नाही. जे बरे असतात तेच छंद करू शकतात, असेही असेल. पण ज्याच्या हाताला काम आणि उद्या सकाळी उठून पाहायला काही अपुरे आहे, त्याचा दिवस रिकाम्या माणसाच्या दिवसापेक्षा वेगळा जातो, हे घरात वडीलधारे असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

रात्री टेबलावरचा तो सैनिक अजून डोळ्यांविना उभा आहे. खिडकी उघडी आहे, चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर आहे. ब्रशचे केस पुन्हा पसरले आहेत. हात सवयीने ओठांकडे निघतो, वाटेत थांबतो आणि खाली ओल्या स्पंजकडे वळतो. टोक जुळते. श्वास सोडून, कोपर टेकवून रंगवणारा एक ठिपका देतो. मग साबणाने हात धुऊन, चष्मा काढून, दिवा बंद करतो. दुसरा डोळा उद्या.